भारी पात्रं गोळा केली म्हणजे टीम होत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत मोबाईल गेमवर लेख आला होता तो वाचला. वेळ आणि पैसा याबद्दल त्यात जे लिहिलंय ते बरंचसं पटलं, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण ॲनिमेवरच्या टीम बॅटल गेममध्ये डोकं लागत नाही, ज्याच्याकडे भारी पात्र तो जिंकतो, असं जे सरळ लिहून टाकलंय ते वाचून फार वाईट वाटलं. मी ड्रॅगन बॉल झी डोक्कान बॅटल हा गेम बरीच वर्षं खेळतोय. जपानमध्ये तो जानेवारी २०१५ ला आला आणि बाकी जगात त्याच वर्षी जुलैत. एवढी वर्षं लोक अजून त्यात गुंतलेत ते नुसतं चित्रं जमवायला नाही, टीम कशी लावायची या एका गोष्टीसाठी, निदान माझं तरी तसंच आहे.

माझ्या भाच्याचंच सांगतो. एका बॉसपाशी, म्हणजे गेममधल्या मोठ्या शत्रूपाशी, तो सारखा हरत होता, चेहरा पडलेला, म्हणे मामा माझ्याकडे सगळी टॉपची पात्रं आहेत तरी मरतोय. टीम बघितली तर लीडर गोहान, आणि मग ट्रंक्स, गोटेन्क्स, गोकू, व्हेजिटा, फ्रीझा. या गेममध्ये आपली सहा पात्रं आणि सातवं मित्राच्या टीमचा लीडर, तो पण त्याने गोहानच घेतलेला. नावं बघितली तर वाटेल याला कोण हरवणार. पण तो गोहान ‘हायब्रिड सेयन्स’ या गटाचा लीडर होता, म्हणजे ज्यांचे आई किंवा वडील पृथ्वीवरचे आहेत असे सेयन (सेयन ही या कथेतली परग्रहावरची लढवय्यी जात). गोकू आणि व्हेजिटा दोघंही शुद्ध सेयन, ते त्या गटात येतच नाहीत, आणि फ्रीझा तर सेयनच नाही. म्हणजे सातातली तीन पात्रं लीडरच्या छत्राबाहेर उभी.

आता छत्राबाहेर म्हणजे काय ते आकड्यात बघा. असा लीडर आपल्या गटातल्या सगळ्यांना १७० टक्के जास्त अटॅक, डिफेन्स आणि हेल्थ देतो, आणि मित्राचा लीडर तसाच असला तर अजून १७०, एकूण ३४०. समजा एखाद्या पात्राचा मूळ अटॅक १०,००० आहे तर तो थेट ४४,००० होतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या गोकूचा अटॅक तेवढाच असला तरी तो १०,००० वरच राहतो. बाकीची कौशल्यं, लिंक (शेजारच्या पात्राशी जुळणारं कौशल्य) वगैरे त्यानंतर. शिवाय सुपर अटॅक, म्हणजे पात्राचा मोठा फटका, मारायला १२ ‘की’ (त्या चालीत जमवायची शक्ती) लागते, दोन लीडर मिळून प्रत्येकी ३ प्रमाणे ६ आधीच देतात, गटातल्या पात्राला फक्त ६ गोळा करायच्या, बाहेरच्याला पूर्ण १२. त्यामुळे तो गोकू बऱ्याचदा साधा बुक्का मारून परत यायचा आणि बॉसचा एक फटका बसला की सगळ्या टीमची हेल्थ निम्म्यावर.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मामा, पण व्हेजिटाला बाहेर कसं काढायचं?” मला त्याचं दुखणं कळत होतं. अकिरा तोरियामांनी १९८४ साली सुरू केलेली ही कथा, त्यातला व्हेजिटा आवडणाऱ्याला तो टीमच्या बाहेर बसवायचा म्हणजे जिवावर येतं. पण आम्ही बसवला. गोकू आणि फ्रीझा पण. त्यांच्या जागी त्याच्याकडे धूळ खात पडलेले तिघं घेतले, गोटेन, लहान गोहान आणि भविष्यातला गोहान (गेममध्ये हे दोघं लीडर गोहानपेक्षा वेगळ्या नावाची पात्रं आहेत). दिसायला कमी भारी, पण तिघंही गटातले.

त्याने म्हटलं झालं, आता जिंकणार. नाही झालं, कारण खरा खेळ तर इथून पुढे आहे आणि तो लेखात कुठेच नाही. प्रत्येक वेळी सातातले तीनच पात्र समोर येतात, ते एका ओळीत उभे राहतात आणि कोण कुठे उभा राहील ते आपण ठरवायचं. प्रत्येक पात्राकडे सात लिंक असतात. शेजारी उभ्या असलेल्या पात्राकडे तीच लिंक असेल तरच ती चालू होते, एकाआड एक असले तर नाही. म्हणजे मधल्याला दोन शेजारी मिळतात आणि कडेच्यांना एकेकच. ‘प्रिपेअर्ड फॉर बॅटल’ जुळली की २ ‘की’ मिळतात, ‘फिअर्स बॅटल’ जुळली की अटॅक १५ टक्क्यांनी वाढतो. आता वरचाच हिशोब पुढे न्या, लीडरच्या ६, लिंकच्या २, राहिल्या ४, आणि प्रत्येक पात्राला एक रंग असतो, बोर्डवर (स्क्रीनवरच्या रंगीत गोळ्यांच्या पटावर) आपल्याच रंगाचा गोळा घेतला की एकाच्या दोन मिळतात, म्हणजे आपल्या रंगाचे फक्त दोन गोळे सापडले की सुपर अटॅक बसला. एका लिंकने केवढा फरक पडतो!

पण एकाच नावाची दोन पात्रं शेजारी उभी केली तर त्यांच्यात एकही लिंक जुळत नाही. भाच्याचा गोहान आणि मित्राचा गोहान दरवेळी शेजारी येत होते आणि दोघंही थंड. सातातल्या चार जणांच्या दोन जोड्या करायच्या, त्या आलटून पालटून येतात, आणि उरलेले तिघं तिसऱ्या जागेवर फिरत राहतात, ही मांडणी पहिल्या दोन चालींतच आपण कोणाला कुठे ठेवतो त्यावर ठरते. आम्ही हे एकाच नावाचे दोन गोहान दोन वेगळ्या जोड्यांत टाकले आणि दोघांनाही लिंक जुळणारा जोडीदार दिला. ज्याने बाकीच्यांना बळ मिळतं असं पात्र फिरत्या जागेवर. मला विचाराल तर सपोर्ट देणारं एक साधं पात्र हे टीममधल्या चौथ्या हिरोपेक्षा कधीही जास्त कामाचं, पण नवीन खेळणारा नेमका त्यालाच आधी काढतो.

मग जागा. बॉस कुठल्या जागेवर मारणार याच्या खुणा चाल सुरू व्हायच्या आधी स्क्रीनवर दिसतात, तरी मुलं बघतच नाहीत. काही पात्रांचा डिफेन्स त्यांनी स्वतः सुपर अटॅक मारल्यावर वाढतो, अशाला पहिल्या जागेवर ठेवलं की त्याची पाळी यायच्या आधीच फटके बसतात आणि तो कागदासारखा फाटतो, त्यालाच तिसऱ्या जागेवर ठेवा की भिंत. रंगांचं पण असंच. निळा लालवर भारी, लाल पिवळ्यावर, पिवळा जांभळ्यावर, जांभळा हिरव्यावर आणि हिरवा परत निळ्यावर. समोर लाल बॉस असेल तर फटके खायला निळा पुढे ठेवायचा आणि पिवळ्याला होईल तेवढं वाचवायचं.

हे सगळं त्याने एकदा समजून घेतलं आणि त्याच पात्रांनी तो बॉस हरला. लगेच नाही, तीन-चार वेळा जोड्या बदलाव्या लागल्या, पण नवीन एकही पात्र मिळवावं लागलं नाही.

हे मुद्दाम लिहितोय कारण लेखातला पैशाचा मुद्दा मला इथेच येऊन मिळतो असं वाटतं. हरलं की मुलांना वाटतं आपल्याकडे पात्रं कमी पडली, मग ५० स्टोन (गेममधलं चलन) टाकून नशिबाने येतील ती दहा पात्रं काढायची, हवं ते आलं नाही की परत ५०, आणि स्टोन संपले की घरच्यांच्या फोनवरून विकत. नवीन पात्रं जुन्यांपेक्षा ताकदवान येतात हे खरं आहे, ते मी नाकारत नाही, आणि नशिबावर चालणाऱ्या त्या पेटाऱ्याचा मला स्वतःला राग येतो. पण जुनी पात्रं सुद्धा एक्स्ट्रीम झी अवेकनिंगने, म्हणजे जुन्या पात्राची ताकद वाढवणाऱ्या सोयीने, परत उभी राहतात, आणि सुपर बॅटल रोडसारख्या लढतीत तर एकाच रंगाची टीम न्यावी लागते तेव्हा बाकावरची विसरलेली पात्रंच उपयोगी पडतात. लीडर चुकीचा असेल तर अजून दहा काय पन्नास पात्रं आणली तरी ती खोगीरभरतीच होणार, आणि हे मुलाला कळलं नाही तर तो पेटाराच उघडत बसणार. घरातल्या मोठ्यांनी गेम बंद कर असं ओरडायच्या आधी एकदा शेजारी बसून तुझा लीडर कोण आणि बाकीचे त्याच्या गटातले आहेत का एवढं जरी विचारलं तरी पुष्कळ. मूल किती उत्साहाने सांगायला लागतं ते मी बघितलंय.

आपण पुरवणीत बुद्धिबळाचा डाव छापता, कोणता मोहरा कुठे का ठेवला ते समजावून सांगता. तशीच एक छोटी चौकट टीम बांधणीच्या कोड्याची द्या, पात्रं, त्यांच्या लिंक आणि समोरचा बॉस द्यायचा आणि जोड्या वाचकांनी लावायच्या, अशी माझी मनापासून विनंती आहे. पहिलं कोडं मी पाठवायला तयार आहे, वर लिहिलेली हायब्रिड सेयन्सचीच टीम, सात पात्रं, त्यात एकाच नावाचे दोन गोहान.

आपला,
एक नियमित वाचक