चेंडूवरून नजर काढायला शिकवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही पिट्सबर्गचा मुक्काम हलवून पुण्याला कायमचे गेलात, तेव्हा निरोपाच्या जेवणात आभार मानायचे राहून गेले. मानले असते तरी तुम्ही "पुरे आता" म्हणून विषय बदलला असता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. या शहरात दर ऑगस्टला नवी मराठी मुलं येतात, त्यांनाही तुमची शिकवणी मिळावी.

इथल्या पायरेट्सचं बेसबॉल आणि स्टीलर्सचं अमेरिकन फुटबॉल कसं बघायचं, याचा तुमचा पहिला नियम एकच होता: चेंडूवरून नजर काढा. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हे जड जातं. बेसबॉलमध्ये चेंडू जमिनीवरून गेला की फर्स्ट बेस सांभाळायला मागून कॅचर (फलंदाजाच्या मागे बसणारा, आपल्या यष्टिरक्षकासारखा) का पळत येतो, उजव्या मैदानातून येणारी फेक मध्येच अडवायला कोण उभा राहतो, पिचर (चेंडू टाकणारा) थर्ड बेसच्या पाठीमागे का धावतो, हे चेंडूकडे बघत बसलं तर कधीच दिसत नाही.

नजर हलवायला लावण्याचा तुमचा उपाय म्हणजे स्कोअरकार्ड. पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. शॉर्टस्टॉप सेकंड आणि थर्डच्या मधे उभा असतो, म्हणून नवीन माणूस त्याला हमखास ५ लिहितो आणि पुढचं सगळं पान बिघडतं. तिसऱ्या स्ट्राइकला फलंदाज आउट; तो स्ट्राइक बॅट फिरवून गेला तर सुलटा 'के', नुसता बघत राहून गेला तर उलटा. आउटचा आकडा कोपऱ्यात गोल करून, इनिंग संपली की तिरकी रेघ. पिचर बदलला की ज्या फलंदाजापासून बदलला त्याच्या चौकोनावर जाड आडवी रेघ, नाहीतर कुणाच्या नावावर किती धावा लावायच्या हे रात्री घरी बसून समजत नाही. २०२२ पासून पायरेट्सच्या नॅशनल लीगमध्येही फलंदाजीला पिचरऐवजी डेझिग्नेटेड हिटर (फक्त फलंदाजी करणारा) येतो, त्यामुळे कार्ड भरणं सोपं झालं; तुम्हाला मात्र तो बदल शेवटपर्यंत पटला नाही.

सगळ्यात जास्त चुका डबल प्लेमध्ये, म्हणजे एकाच चेंडूवर दोन आउट होतात तेव्हा, होतात. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलला, सेकंड बेसमनला दिला, त्याने बेसवर पाय टेकवून फर्स्टला फेकला: ६-४-३. हे आकडे फलंदाजाच्या चौकोनात जातात, पण आधीपासून फर्स्टवर असलेल्या रनरच्या चौकोनात ६-४ लिहून त्याला आउट दाखवायचं विसरतं. तो बिचारा कागदावर बेसवरच उभा राहतो. ही चूक पकडायला तुम्ही दिलेला ताळा आम्ही सामना संपल्यावर रोज करतो: एका संघाचे जितके फलंदाज प्लेटवर (फलंदाजीला) आले, ती संख्या त्या संघाच्या धावा, बेसवर राहिलेले रनर आणि झालेले आउट यांच्या बेरजेइतकीच आली पाहिजे. ४ धावा, ७ बेसवर, २७ आउट, म्हणजे ३८ फलंदाज. ३७ भरले तर एखादा वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट मिळालेला बेस) लिहायचा राहिला आहे, किंवा दोघांचे चौकोन एकमेकांत गेले आहेत. यजमान संघ आघाडीवर असेल तर तो नववी इनिंग खेळतच नाही, तेव्हा २७ च्या जागी २४. आणि पेनने लिहायचं नाही, कारण हिट की एरर यावर अधिकृत स्कोअरर आपला निर्णय नंतर बदलू शकतो.

पायरेट्सच्या मैदानात, पीएनसी पार्कमध्ये, कुठे बसायचं हा प्रश्न तुम्ही आमच्यापुरता कायमचा मिटवलात. खाली बेसजवळची महाग खुर्ची नको. वरच्या मजल्यावर, होम प्लेटच्या मागे, थोडं थर्ड बेसच्या बाजूला. तिथून क्षेत्ररक्षणाचा नकाशा उलगडतो आणि समोर अॅलेगेनी नदी, पिवळे पूल आणि डाउनटाउन दिसतं ते वेगळंच. मैदानाचा विचित्र आकारही वरूनच कळतो. होम प्लेटपासून डाव्या फाउल पोलला ३२५ फूट, उजव्याला ३२०, पण डाव्या-मधल्या कोपऱ्यातली खाच ४१० फुटांवर. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे किती होमरन त्या खाचेत विझतात! उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे, पायरेट्सचा जुना खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे याच्या २१ नंबरच्या मानासाठी. ३० सप्टेंबर १९७२ ला त्याने ३,०००वा हिट घेतला आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेला. सामन्याच्या दिवशी त्याच्या नावाचा पूल गाड्यांना बंद असतो. गाडी डाउनटाउनमध्ये लावून तो पूल चालत ओलांडायचा, पाय दुखत असतील तर लाइट रेल्वे. नदीखालच्या बोगद्यातून नॉर्थ साइड स्टेशनपर्यंत तिला तिकीट नाही. स्टीलर्ससाठी पुढचं, अॅलेगेनी स्टेशन.

खाण्याचं थोडक्यात: घरून पोळीभाजी न्यायला बेसबॉलला चालते, फुटबॉलला नाही. आणि पिएरोगी म्हणजे बटाट्याचं सारण भरलेली उकडलेली करंजी, ती वेगळ्या तव्यावर परततात का हे शाकाहाऱ्याने आधी विचारून घ्यावं.

नव्या विद्यार्थ्यांना तुम्ही स्टेडियमच्या आधी शहरातल्याच ओकलंड भागात नेत होतात, पायरेट्सच्या जुन्या मैदानाची, फोर्ब्ज फील्डची, उरलेली विटांची भिंत दाखवायला. जुनी होम प्लेट विद्यापीठाच्या पॉसवार हॉलमध्ये जमिनीत काचेखाली आहे. १३ ऑक्टोबर १९६०, वर्ल्ड सिरीज म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेतला यांकीजविरुद्ध सातवा सामना, नववी इनिंग, बिल मॅझरोस्कीचा होमरन, १०-९. त्या मालिकेत यांकीजनी एकूण ५५ धावा केल्या आणि पायरेट्सनी २७, तरी विजेतेपद इथे आलं. पण तुम्ही दाखवलंत ते त्या सामन्याचं स्कोअरकार्ड: १९ धावा आणि दोन्ही बाजूंना मिळून एकही 'के' नाही. दर वर्षी १३ ऑक्टोबरला त्या भिंतीपाशी लोक जुनं रेडिओ समालोचन अशा बेताने लावतात की होमरन बरोबर ३ वाजून ३६ मिनिटांनी ऐकू यावा. कामाच्या दिवशीही गर्दी असते.

आणि मग पडती वर्षं. १९७९ नंतर वर्ल्ड सिरीज नाही. १९९३ ते २०१२ सलग वीस मोसम जिंकण्यापेक्षा हरणंच जास्त, उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत असं दुसऱ्या कुठल्याही संघाने केलेलं नाही. खेळाडूंवरचा खर्च अजूनही लीगच्या तळाच्या रांगेत. त्याचं फळ एका ओळीत वाचायचं तर २०२५ चा पॉल स्कीन्स बघावा: नऊ इनिंगमागे सरासरी १.९७ अर्न्ड धावा (क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या वगळून), सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार, आणि जय-पराजय १०-१०. त्याने धावा रोखल्या आणि आपल्या फलंदाजांनी त्या केल्याच नाहीत. म्हणून पिचरचा विजयाचा आकडा बघू नका, असं तुम्ही म्हणत होतात. याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. याच संघाने नोव्हेंबर २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं होतं, ते मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत. भाल्याची ताकद खांद्यात असते, पण स्ट्राइक झोनचा अंदाज लहानपणापासून बसावा लागतो.

स्टीलर्सचं सगळंच उलटं. १९३३ साली आर्ट रूनींनी संघ काढला तेव्हा त्याचंही नाव पायरेट्सच होतं, १९४० मध्ये ते बदललं. संघ निघाल्यापासून चाळीसेक वर्षं जवळजवळ काहीच नाही, आणि मग सहा सुपर बोल (फुटबॉलचं विजेतेपद). १९६९ पासून २०२५ च्या मोसमापर्यंत प्रशिक्षक फक्त तीन: नॉल, काउअर, टॉमलिन. जिथे दर दोन-तीन वर्षांनी प्रशिक्षकाला नारळ मिळतो तिथे हे नवलच. (आमचं मत: पायरेट्सच्या कचेरीत हे वाक्य फ्रेम करून लावावं.)

फुटबॉलचा तुमचा धडा चार ओळींचा होता. चार प्रयत्नांत दहा यार्ड. टचडाउनला ६, नंतरच्या किकला १, फील्ड गोलला ३, सेफ्टीला २. एवढं आलं की क्वार्टरबॅककडे (डाव चालवणारा, पास फेकणारा) बघणं बंद करायचं. चेंडू सुटण्याआधी मागे उभे असलेले सेफ्टी (गुणांची सेफ्टी नव्हे, सगळ्यात मागचे बचावपटू) मोजा, एक खोल आहे की दोन. चेंडू सुटला की सेंटरच्या (चेंडू मागे देणाऱ्याच्या) शेजारचा गार्ड बघा: तो पुढे घुसला तर बहुतेक धावण्याचा डाव, उभा राहून मागे सरकला तर पास. बचावफळीतला लाइनबॅकरही तेच बघत असतो, आणि त्याला फसवायलाच गार्ड कधी कधी खोटं मागे सरकतो.

ओरडायचं कधी हेही तुम्हीच सांगितलंत. आपल्याकडे चेंडू असताना गप्प, कारण क्वार्टरबॅकची हाक लाइनपर्यंत पोचली पाहिजे. प्रतिस्पर्ध्याचा तिसरा डाउन (चारातला तिसरा प्रयत्न) आला की घसा बसेपर्यंत. आवाजात हाक ऐकू न येऊन त्यांचा एखादा आधीच हलतो आणि पाच यार्ड मागे जातो. नवीन मंडळी नेमकं उलटं करतात आणि शेजारचे काका-मामा रागाने बघतात. पिवळा टेरिबल टॉवेल मात्र कधीही फिरवावा. रेडिओ समालोचक मायरन कोप यांनी तो १९७५ मध्ये काढला आणि १९९६ मध्ये त्याचे हक्क बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना सांभाळणाऱ्या अॅलेगेनी व्हॅली स्कूलला देऊन टाकले. म्हणून रस्त्यावरची नक्कल घ्यायची नाही, असा तुमचा दंडक होता. तो आम्ही पाळतो.

डिसेंबरच्या सामन्याला जाताना पुठ्ठ्याचा तुकडा न्यायची तुमची सूचना ऐकून सगळे हसले होते. काँक्रीट तळपायातून ऊब ओढून घेतं, पुठ्ठ्यावर पाय ठेवला की फरक लगेच कळतो. मोजे दोन घातले आणि बूट घट्ट झाले तर रक्त फिरत नाही, पाय जास्तच गारठतात. एकच जाड लोकरी जोड बरा. मैदानाचेही थंडीत हाल होतात. गवत खरं आहे आणि त्यावर विद्यापीठाचे, शाळांचे सामने होतात. २६ नोव्हेंबर २००७ ला डॉल्फिन्सविरुद्ध जुन्या गवतावर नव्या गवताचे गालिचे अंथरले होते, वरून पाऊस, आणि मारलेला पंट (लाथेने दूर मारलेला चेंडू) टोकावर चिखलात रुतून तसाच उभा राहिला. शेवटचे १७ सेकंद उरले असताना फील्ड गोल, ३-०. तुम्ही ती चित्रफीत दाखवत होतात ती पंटसाठी नाही, तर फील्ड गोलच्या आधी किकर बुटाने कुठलं गवत दाबून बघतो ते दाखवायला.

आता तुमच्या घड्याळाचं. इथला संध्याकाळी ६.४० चा बेसबॉलचा सामना पुण्यात पहाटे ४.१० ला सुरू होतो. पिच क्लॉक (पिचरला चेंडू टाकायला वेळेची मर्यादा) आल्यापासून तो पावणेतीन तासांच्या आत-बाहेर संपतो, म्हणजे तुमच्या फिरायला जाण्याआधी शेवटच्या इनिंग सापडतील. रविवारी दुपारी एकचा फुटबॉलचा सामना रात्री साडेदहाला, आणि नोव्हेंबरमध्ये इथली घड्याळं मागे गेली की साडेअकराला. तेवढा बदल कॅलेंडरवर लिहून ठेवा.

एक भर तुमच्या ताळ्यात घालावी लागते आहे. दहाव्या इनिंगपासून प्रत्येक संघाला सेकंड बेसवर एक रनर आयता मिळतो. तो त्या इनिंगमध्ये प्लेटवर आलेला नसतो, पण शेवटी धाव, आउट किंवा बेसवर राहिलेला यांत कुठेतरी मोजला जातोच, म्हणून प्रत्येक जादा इनिंगला धावा, बेसवरचे आणि आउट यांची बेरीज एकाने जास्त येते. आम्ही फलंदाजांच्या संख्येत तितके मिळवतो आणि त्या रनरच्या चौकोनात सेकंड बेसवर छोटा टिंब काढतो. याहून सोपी खूण तुमच्याकडे असेल तर कळवा, एप्रिलच्या आत.

काकूंना नमस्कार.

तुमची,
पिट्सबर्गची मराठी मंडळी