विशेष काही नाही

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका. तब्येत बरी आहे, नोकरीही शाबूत आहे. हे फोनवर मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

बाबा, मी फोन केला की तुमचा पहिला प्रश्न असतो, "काय विशेष?" गेली वीस वर्षं त्याचं उत्तर तयार ठेवूनच मी फोन लावत आले. बढती, बक्षीस, कुठेतरी भाषणाचं बोलावणं. सांगण्यासारखं काही नसलं की फोन करणं पुढे ढकलायचे. मग आईच म्हणायची, "पंधरा दिवस झाले गं, कामात असशील." मी कामात नसायचे, आई. माझ्याकडे बातमी नसायची.

मार्चमध्ये मला विभागप्रमुख केलं, तेव्हाचा फोन आठवतो? आईचा आवाज भरून आला. बाबा, तुम्ही म्हणालात, "वा! आता पुढचं काय?" फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की बातमी संपली. जेमतेम चार मिनिटांत. जिच्यासाठी अकरा वर्षं राबले, ती तुम्हाला सांगून झाल्यावर माझ्यापाशी त्यातलं काहीच उरलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही, नंतरही कित्येक रात्री तसंच. छातीत धडधडायचं. सगळ्या तपासण्या केल्या, हृदय उत्तम निघालं. शेवटी डॉक्टरांनीच समुपदेशकाचं नाव सुचवलं.

तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, याचं वाईट वाटतं. काय सांगायचं तेच कळत नव्हतं. आधी वाटलं, हा बर्नआउट असेल, म्हणजे कामाने आलेला थकवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची व्याख्या स्पष्ट केली. त्यांच्या लेखी तो आजार नाही, कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे: शक्ती संपणं, कामावरून मन उडणं, आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं. मला वाटलं, एवढंच असेल तर रजेने भागेल. तीन आठवडे रजा काढली आणि रजेतच जास्त त्रास झाला. सकाळी उठून कुणाला काही करून दाखवायचं नसेल तर उठायचं कशाला, हा प्रश्न मला खरोखर पडायला लागला.

समुपदेशक बाईंनी एक साधं काम दिलं. सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनात सलणाऱ्या गोष्टीबद्दल न थांबता लिहायचं. जेम्स पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९८६चा एक प्रयोग आहे, त्यावरून ही पद्धत आली. पहिले तीन दिवस मी ऑफिसबद्दलच लिहिलं. चौथ्या दिवशी पेनातून आठवीची गुणपत्रिका उतरली.

तुम्हाला कदाचित आठवणारही नाही. त्या वर्षी पहिल्यांदाच माझा दुसरा नंबर आला होता. कुणी रागावलं नाही. बाबांनी गुणपत्रिका पाहिली, सही केली, परत दिली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. संध्याकाळभर घर गप्प होतं. मी आतल्या खोलीत बसून पुढच्या वर्षाचं वेळापत्रक आखलं, पहाटे पाचपासूनचं. तेरा वर्षांच्या मुलीने स्वतःशी लावलेला अर्थ सरळ होता: मी पहिली आले की घर बोलतं.

बाबा, त्या महिन्यांत तुमच्या नोकरीचं काही खरं नव्हतं, हे आईने मला सांगितलं तेव्हा मी तिशी ओलांडली होती. म्हणजे ती शांतता बहुधा माझ्याबद्दलची नव्हतीच. पण मुलांना हे कसं कळणार? एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात केलेला एक प्रयोग मी वाचला. आई बाळाशी हसतखेळत बोलत असते आणि मग काही मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. आपण काहीतरी केलं तर हा चेहरा परत बोलेल, अशी त्याची धडपड चालते. उत्तर आलंच नाही की ते मान फिरवतं. हे वाचताना मी रडले. माझी सगळी कारकीर्द मला त्या पुढे केलेल्या हातासारखी दिसली.

याच ट्रॉनिक यांचं दुसरं म्हणणंही तुम्हाला सांगायचंय, आणि आई, हे तू दोनदा वाच. प्रेमळ आईचं आणि बाळाचं सूतसुद्धा सतत जुळलेलं नसतं, बराच वेळ ते विसकटलेलंच असतं. महत्त्वाचं असतं ते पुन्हा जुळणं. त्यामुळे "आमचं काय चुकलं" असं उगाळत बसू नकोस. तुम्ही तुमच्या वडीलधाऱ्यांकडून जे पाहिलं, त्याहून कितीतरी मायेने मला वाढवलंत.

तरी एक गोष्ट बोलायलाच हवी. "आमची लेक हुशार आहे हो," हे वाक्य तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचात. त्याची मला भीती वाटायची. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांवर अभ्यास केला. हुशारीचं कौतुक झालेली मुलं पुढे सोपी कोडी निवडायला लागली. अवघड कोड्यांत गुण कमी पडल्यावर त्यांच्यातल्या दहापैकी जवळपास चौघांनी ते वाढवून सांगितले. मी गुण कधी वाढवले नाहीत. पण "मी मजेत आहे" हे किती वर्षं वाढवून सांगितलंय, त्याचा हिशेब नाही.

आता काय करते? ऐकायला किरकोळ वाटेल. वाटतंय त्याला नाव द्यायला शिकतेय. आपल्या घरात "ठीक आहे" या दोन शब्दांत सगळं मावायचं. राग, लाज, हेवा, एकटेपणा, सगळं. भावनेला शब्द दिला की मेंदूतला धोक्याची सूचना देणारा भाग, अमिग्डला, शांत होत जातो, असं मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७च्या अभ्यासात दिसलं. मला त्याआधी शब्दच आठवावे लागतात. मागच्या महिन्यात मीटिंगच्या आधी स्वतःशी म्हटलं, "मला भीती वाटतेय." धडधड थांबली नाही, पण तिच्यासकट आत जाता आलं. नोकरी सोडलेली नाही, सोडायचा विचारही नाही. काम मला आवडतं. फक्त त्याच्याकडून मी जे मागत होते, ते काम देऊ शकत नाही.

बाबा, माझ्या प्रमाणपत्रांची फाईल तुम्ही किती जपलीत, प्रत्येक कागद प्लॅस्टिकमध्ये घालून. ती फाईल मला प्रिय आहे. पण तिच्यात नसलेलीही मी बरीच आहे आणि तुमच्या हयातीत तुमची त्या लेकीशी ओळख व्हावी, एवढी एकच घाई मला आता आहे.

रविवारी संध्याकाळी फोन करेन. तुम्ही सवयीने विचारालच, "काय विशेष?" मी म्हणेन, विशेष काही नाही. तेव्हा आईकडे फोन देऊ नका, बाबा. जरा वेळ गप्प राहिलो तरी चालेल. आणि मग मला त्या वर्षाबद्दल सांगा, मी आठवीत होते त्या. नोकरी जाईल की राहील हे माहीत नसताना रोज सकाळी घराबाहेर पडताना तुम्हाला काय वाटायचं? मी ते कधी विचारलंच नाही.

तुमची,
लेक