मधमाशी आणि कुंभारीण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

"मधमाशीसारखा शहाणा कीटक दुसरा नाही" हे तुझ्या पत्रातले वाक्य चार दिवस मनात घोळते आहे. तिच्याविषयीचा तुझा आदर मलाही मान्य आहे. पण गेल्या आठवड्यात माझ्या खिडकीच्या चौकटीत एका कुंभारीण माशीने घर बांधले, आणि ते पाहिल्यापासून तुला लिहिल्यावाचून राहवेना.

मधमाशीचे शहाणपण पोळ्याचे आहे. कामकरी माशी पहिले सुमारे तीन आठवडे आतच राबते, पिल्लांना भरवते, मेणाची घरे बांधते, दारावर पहारा देते आणि मगच मकरंदासाठी बाहेर पडते. हंगामात तिचे सगळे आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचे असते. फुले सापडली की ती अंधाऱ्या पोळ्यावर नाचून बहिणींना पत्ता सांगते; उभ्या रेषेशी तिने धरलेला कोन हाच सूर्याशी धरायचा कोन असतो. ही खूण उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

कुंभारणीला बहिणी नाहीत आणि पत्ता सांगायलाही कोणी नाही. ओल्या मातीची गोळी जबड्यात धरून ती यायची, गोळीची पट्टी ओढत ती लिंपायची आणि लिंपताना मिशांनी कड चाचपत राहायची. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या, आणि बाहेर वळलेल्या काठाचे, बोराएवढे सुबक गाडगे उभे राहिले. मला खरे नवल वाटते ते पुढच्या कामाचे. रिकाम्या गाडग्याच्या छताला ती बारीक धाग्याने एक अंडे टांगते आणि मग दंशाने लुळ्या केलेल्या अळ्या एकेक करून आत भरते. अळ्या मेलेल्या नसल्यामुळे अन्न सडत नाही. मात्र त्या थोड्या वळवळू शकतात, आणि त्यांच्यात ठेवलेले अंडे सहज चिरडले गेले असते. अधांतरी टांगल्यामुळे ते वाचते, हे फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ झां-आंरी फाब्र यांनी ओळखले होते.

तोंड लिंपून झाले की ती निघून जाते. आपले पिल्लू ती कधीच पाहत नाही, आणि त्या पिल्लालाही पुढे हे सारे कोणी न शिकवता येते. गवंडी, शिकारी आणि आई ही तिन्ही कामे एकटीने निभावणारी ही माशी मला मधमाशीहून तसूभरही कमी वाटत नाही.

गाडगे अजून बंद आहे. त्याला भोक पडेल त्या दिवशी तुला कळवीन.

तुझा,
जुना सोबती