शेऱ्यातली इंग्रजी विशेषणे जपून लिहावीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि त्याच सुमारास दाखले, प्रगतिपत्रके, शिफारसपत्रे यांची घाई उडते. आता तालुक्याच्या गावीही सेमी-इंग्रजी वर्ग आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत. त्यामुळे मुलांबद्दलचे शेरे इंग्रजीत लिहिण्याकडे कल वाढला आहे. लिहिणाऱ्यांची कळकळ खरी असते. पण हुशारी आणि मनाचा हळवेपणा सांगणारी विशेषणे मराठी अर्थाच्या अंदाजाने उचलली, की ज्या मुलाचे कौतुक करायचे त्याच्याबद्दलच वाचणाऱ्याच्या मनात शंका येते. आम्ही इंग्रजी शिकवतो. हा भाग व्याकरणाच्या पुस्तकांत फारसा येत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

सर्वांत जास्त घोळ ‘सेन्सिबल’ आणि ‘सेन्सिटिव्ह’ या जोडीत होतो. ‘सेन्सिबल’ म्हणजे समंजस, व्यवहार पाहून वागणारा. पहिल्या सरीवर न भुलता जमिनीत पुरेशी ओल होईपर्यंत पेरणी थांबवणारा शेतकरी सेन्सिबल. दिखाऊ नसलेल्या, पायाला सोयीच्या बुटांनाही इंग्रजीत ‘सेन्सिबल शूज’ म्हणतात. ‘सेन्सिटिव्ह’ म्हणजे ज्याच्यावर बाहेरच्या गोष्टीचा चटकन परिणाम होतो तो. हा परिणाम चांगला की वाईट, हे त्या एका शब्दावरून कळत नाही. बहुतेक वेळा ते पुढच्या ‘टु’ किंवा ‘अबाउट’ वरून ठरते.

कापसाच्या पट्ट्यातल्या मुलांना हे समजावणे सोपे आहे. टू-फोर-डी हे तणनाशक शेजारच्या वावरात फवारले आणि वाऱ्याने त्याचे तुषार धुऱ्यापलीकडे आले, तरी कपाशीची नवी पाने आखडतात, लांबट आणि वेडीवाकडी होतात. कृषी विद्यापीठांच्या इंग्रजी पत्रकांत हेच ‘कॉटन इज सेन्सिटिव्ह टु टू-फोर-डी’ असे येते. यात कपाशीची स्तुती नाही की निंदा नाही. ‘टु’ च्या पुढे जे येते त्याला ती प्रतिसाद देते, एवढेच. माणसाच्या बाबतीत ‘सेन्सिटिव्ह टु द फीलिंग्ज ऑफ अदर्स’ म्हटले की दुसऱ्याचे मन ओळखणारा, म्हणजे स्तुती. ‘सेन्सिटिव्ह टु क्रिटिसिझम’ म्हटले की टीका न सोसणारा. आणि ‘सेन्सिटिव्ह अबाउट हिज हाइट’ म्हणजे उंचीचा विषय निघाला की दुखावणारा. ‘अबाउट’ आला की समोर बहुधा दुखरी जागाच असते.

आता पुढे काहीच न जोडता ‘ही इज अ व्हेरी सेन्सिटिव्ह बॉय’ असा शेरा लिहिला तर काय होते? मराठीत ‘संवेदनशील’ हा मानाचा शब्द आहे. तो आपण कवीला लावतो, कार्यकर्त्याला लावतो. इंग्रजी वाचणारा मात्र बहुधा असा अर्थ घेतो की मुलगा लवकर रडतो, मनाला लावून घेतो, त्याला सांभाळून घ्यावे लागेल. वसतिगृहाच्या प्रवेशाचा निर्णय घेणाऱ्यापुढे हे वाक्य गेले तर ते मुलाच्या विरोधात जाऊ शकते. निवडणुकीच्या दिवसांत ‘संवेदनशील मतदान केंद्र’ म्हणतात, तेव्हा मराठीतही हाच जपून राहण्याचा अर्थ डोकावतो. म्हणून मुलगी दुसऱ्याची कदर करणारी असेल तर ‘कन्सिडरेट’ किंवा ‘थॉटफुल’ लिहावे. त्याहून चांगले म्हणजे ती काय करते ते लिहावे: वर्गात कोणी मागे पडले की तिच्या लक्षात येते आणि ती न सांगता मदत करते. हे वाक्य साध्या इंग्रजीत लिहायला अवघड नाही आणि त्याचा चुकीचा अर्थ कोणी काढू शकत नाही.

याच जोडीतला आणखी एक खड्डा म्हणजे विरुद्धार्थी शब्द. काही गाइडांत ‘सेन्सिबल’ च्या समोर ‘इन्सेन्सिबल’ छापलेले असते. ‘इन्सेन्सिबल’ म्हणजे बेशुद्ध किंवा ज्याला जाणीवच होत नाही असा. ‘सेन्सिबल’ चा जुना अर्थ जाणीव असलेला असा होता. तो अर्थ मागे पडला, पण नकारार्थी रूपात टिकून राहिला. आजच्या ‘सेन्सिबल’ च्या उलट ‘सिली’ किंवा ‘फूलिश’ येते. ‘इन्सेन्सिटिव्ह’ हा मात्र सरळ ‘सेन्सिटिव्ह’ च्या उलट आहे आणि माणसाला लावला तर तो आरोप ठरतो: दुसऱ्याच्या दुःखाची पर्वा नसलेला.

हुशारीच्या शब्दांत कोण कोणाबद्दल बोलतो आहे, हे पाहावे लागते. आपल्याकडे ‘पोट्टं लय हुशार हाये’ एवढ्यात सारे येते. पाठांतर, गणित, हजरजबाबीपणा, सगळे ‘हुशार’. इंग्रजी याचे तुकडे पाडते. ‘ब्राइट’ बहुधा मोठ्यांनी लहानांबद्दल किंवा तरुणांबद्दल म्हणायचा शब्द आहे. तो मुख्याध्यापकांना लावला तर कोणी वरून पाठ थोपटल्यासारखे वाटते. ‘वाइज’ मध्ये वय आणि अनुभव असतो, त्यामुळे चौथीच्या मुलाला तो शोभत नाही. ‘इंटेलिजंट’ बराचसा तटस्थ आहे, माणसाला, प्रश्नाला, कुत्र्यालाही चालतो. ‘इंटेलेक्चुअल’ म्हणजे त्याहून जास्त हुशार असे नव्हे. विचारांच्या, ग्रंथांच्या जगात रमणारा तो इंटेलेक्चुअल. ‘क्लेव्हर’ ला दोन्ही धारा आहेत. मुलाच्या हस्तकलेला ‘क्लेव्हर’ म्हणणे कौतुक आहे, पण ब्रिटिश बोलीत ‘टू क्लेव्हर बाय हाफ’ म्हणजे आपला अतिशहाणाच. ‘स्मार्ट’ ब्रिटनमध्ये मुख्यतः नीटनेटक्या कपड्यांसाठी वापरत आणि अमेरिकेत हुशारीसाठी. आता दोन्ही अर्थ दोन्हीकडे समजतात, तरी ‘डोन्ट गेट स्मार्ट विथ मी’ हा उद्धटपणाबद्दलचा दमच असतो. ‘श्रूड’ चा अर्थ एके काळी दुष्ट असा होता. आज तो व्यवहारातल्या पारखी माणसाची स्तुती करतो. ‘कनिंग’ उलट दिशेने गेला: मूळ जाणकार, कसबी, आणि आज लबाड. कापसाचा भाव अचूक हेरणाऱ्या व्यापाऱ्याला ‘श्रूड’ म्हटले तर तो खूश होईल, ‘कनिंग’ म्हटले तर भांडण होईल.

आपल्याकडे घट्ट बसलेला ‘स्कॉलर’ ही वेगळीच गोष्ट. ‘आमची ताई शाळेत स्कॉलर आहे’ हे मराठीत चालते. इंग्रजीत स्कॉलर म्हणजे विद्वान, संशोधक किंवा एखादी शिष्यवृत्ती मिळवलेली व्यक्ती. शिष्यवृत्ती परीक्षेत उत्तीर्ण झाली असेल तर तसे नाव घेऊन लिहावे. नसेल तर ‘हार्डवर्किंग’ किंवा ‘स्ट्युडिअस’ पुरे. मात्र ‘स्ट्युडिअस’ म्हणजे अभ्यासू, हुशार नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. ‘ही इज जीनियस’ मध्ये ‘अ’ राहून गेलेला असतो, कारण ‘जीनियस’ नाम आहे. ‘व्हेरी टॅलेंट’ ही चूक त्याच जातीची. तिथे ‘टॅलेंटेड’ हवे.

मापाचे शब्दही फसवतात. ‘ब्रिलियंट’ आधीच टोकाचा आहे, त्याला ‘व्हेरी’ लागत नाही. लावायचेच तर ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ लावतात. ‘क्वाइट’ सर्वांत घातक. आपण ‘बरीच हुशार’ या अर्थाने ‘क्वाइट इंटेलिजंट’ लिहितो. ब्रिटिश वाचक ते ‘बऱ्यापैकी, ठीकठाक’ असे वाचतो, अमेरिकन वाचक बहुधा ‘खूप’ असे. ‘ब्रिलियंट’ सारख्या टोकाच्या शब्दापुढे तेच ‘क्वाइट’ ‘अगदी, पुरेपूर’ असे होते. इतका डगमगता शब्द शिफारसपत्रात नसलेलाच बरा. सामाजिक न्याय विभागाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळे आपल्या खेड्यांतल्या मुलांना बाहेरच्या विद्यापीठांची दारे उघडली आहेत. त्या प्रवेशासाठी महाविद्यालयातले प्राध्यापक जी पत्रे देतात, त्यांत ‘ओबीडियंट, पंक्चुअल, सिन्सिअर’ एवढेच असले तर वाचणारा समजतो की अभ्यासाबद्दल सांगण्यासारखे काही नव्हते. विद्यार्थ्याने कोणता प्रकल्प केला, त्यात कुठे अडला आणि कसा सुटला, हे तीन वाक्यांत लिहिले तर विशेषण लागणारही नाही.

एक रचना मात्र प्रत्येक शिक्षकाने शिकवावी, कारण ती मुलाच्या स्वभावावर शिक्का न मारता त्याच्या कृतीला दाद देते. ‘इट वॉज सेन्सिबल ऑफ हर टु आस्क’: तिने विचारले हा समंजसपणा. इथे ‘ऑफ’ येतो, ‘फॉर’ नाही. क्लेव्हर, वाइज, काइंड, थॉटफुल, सिली, फूलिश हे वागण्याची पारख करणारे शब्द या साच्यात बसतात. ‘इंटेलिजंट’ सहसा बसत नाही. ‘इम्पॉर्टंट’, ‘डिफिकल्ट’ यांना ‘फॉर’ लागतो, कारण ते माणसाबद्दल नसून कामाबद्दल असतात. आमच्या मते उत्तरपत्रिकेवर ‘क्लेव्हर बॉय’ पेक्षा हे वाक्य कितीतरी मोलाचे. मुलाला नेमके काय चांगले केले ते कळते आणि पुढच्या वेळी तो तेच करतो.

सर्वांत काळजीचा भाग शेवटी. ‘डल’, ‘स्लो’, ‘वीक’ हे शब्द आजही शेऱ्यांत सर्रास येतात. मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीच्या आश्रमशाळेतले मूल घरी कोरकू किंवा गोंडी बोलते, शाळेत मराठी ऐकते आणि त्यावर इंग्रजी येते. ते उशिरा उत्तर देते तेव्हा डोक्यात आधी भाषांतर चालू असते. त्याला ‘डल’ लिहिणे सरळ चूक आहे. ‘घरची भाषा कोरकू, तोंडी प्रश्नांना वेळ दिल्यास उत्तर बरोबर येते’ असे लिहावे. गप्प बसणाऱ्या मुलाबद्दलही चार वेगळे शब्द आहेत. ‘क्वाएट’ म्हणजे नुसता शांत. ‘शाय’ म्हणजे बुजरा. ‘रिझर्व्ड’ म्हणजे स्वभावाने मोजके बोलणारा. ‘विथड्रॉन’ म्हणजे लोकांपासून तुटलेला, मिटून गेलेला. हा शेवटचा शब्द धोक्याची सूचना म्हणून वाचला जातो. तसे खरोखर दिसत असेल तरच लिहावा, आणि लिहिला तर पालकांशी बोलावेच.

‘इडियट’, ‘इम्बेसाइल’ या शब्दांनी एके काळी बौद्धिक वाढ कमी असलेल्यांची वैद्यकीय वर्गवारी होत असे आणि ‘मोरॉन’ हा शब्द अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ हेन्री गोडार्ड यांनी 1910 मध्ये त्याच कामासाठी सुचवला होता. तिन्ही शिव्या झाल्या. ‘मेंटली रिटार्डेड’ चेही तेच झाले आणि अमेरिकेने 2010 च्या कायद्याने तो शब्द संघराज्याच्या आरोग्य, शिक्षण व रोजगारविषयक कायद्यांतून काढला. आपल्या 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ‘इंटेलेक्चुअल डिसॅबिलिटी’ (बौद्धिक अक्षमता) असा शब्द आहे. तो प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांचा आहे, वर्गशिक्षकांचा नाही. वाचनात अडखळणाऱ्या मुलाबद्दल तपासणीआधी तो कोणीही वापरू नये. आधी अडचण काय दिसते तेवढेच लिहावे: अक्षरे उलटी काढतो, ओळ सुटते, फळ्यावरचे उतरवायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो.

आमची विनंती अशी की आसपासच्या शाळांच्या समूह-केंद्राच्या स्तरावर होणाऱ्या शिक्षण परिषदेतला एखादा तास जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी या कामासाठी द्यावा. व्याख्यान नको. प्रत्येक शिक्षकाने आपल्या शाळेतले जुने दहा इंग्रजी शेरे, मुलांची नावे झाकून, सोबत आणावेत आणि शेजारच्या शाळेच्या शिक्षकाने ते वाचून मुलाबद्दल काय समजले ते मराठीत सांगावे. जिथे दोघांचे समजणे जुळणार नाही, तो शेरा तिथेच बदलावा. ज्या शिक्षकांना इंग्रजीची खात्री वाटत नाही त्यांनी शेरा खुशाल मराठीत लिहावा. आणि इंग्रजी माध्यमाच्या संस्थांनीही मराठी शेरा असलेला दाखला कमी दर्जाचा मानू नये.

आपले,
इंग्रजी विषयाचे काही शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ