कंदिलाच्या झिरमिळ्या मुलांनाच कापू द्या

संपादक महोदय,

दिवाळी जवळ आली की बालवाड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सूचना येते : प्रत्येक मुलाने आकाशकंदील करून आणावा. चार वर्षांच्या मुलाला एकट्याने कंदील जमणार नाही, म्हणून आई रात्री जागून तो करते. सकाळी सुबक कंदील शाळेत येतो, त्याचा फोटो निघतो आणि कधी बक्षीसही मिळतं. मुलाने मात्र कात्रीला हातही लावलेला नसतो. बालवाडीची ताई म्हणून मला याचं फार वाईट वाटतं.

'कात्री लागली तर?' ही पालकांची भीती मी समजू शकते. पण गोल टोकाची छोटी कात्री कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते. बसूनच कापायचं, कात्री हातात घेऊन उठायचं नाही आणि दुसऱ्याला देताना पाती मिटून मुठीत धरायची, एवढे नियम तीन वर्षांची मुलंही पाळतात.

आमच्याकडे हे काम पावसाळ्यात सुरू होतं. जुन्या लग्नपत्रिकांच्या बोटभर रुंद पट्ट्या मी कापून ठेवते. मुलाने एकदाच कात्री मिटायची, की तुकडा पडतो. हे तुकडे निळ्या कागदावर चिकटवले की पाऊस तयार. पत्रिकेचा कागद ताठ असतो, म्हणून तो सोपा जातो. घोटीव कागद लवतो आणि पतंगाचा कागद तर पात्यांमध्ये दुमडतो, ते नंतर. सुरुवातीला बहुतेक मुलांचं कोपर पंखासारखं वर उचललं जातं आणि अंगठा जमिनीकडे वळतो. अशा वेळी मी काखेत घडी केलेला रुमाल धरायला सांगते. रुमाल पडू नये म्हणून कोपर अंगाशी येतं आणि अंगठा आपोआप वर राहतो.

बेंदराला कागदी बैलाच्या झुलीला कातरे द्यायचे. नागपंचमीला घरोघरी कापणं-चिरणं वर्ज्य असतं, तेव्हा आम्हीही कात्री काढत नाही. त्या दिवशी कागद फाडून नाग करतो, आणि फाडतानाही बोटांना चांगलंच काम मिळतं. गणपतीच्या साखळ्यांसाठी जाड रेघेवरून सरळ पट्ट्या कापायच्या. मग दिवाळीच्या झिरमिळ्या. झिरमिळी दिसते सोपी, पण रेघेपर्यंत कापत जाऊन तिथे थांबायचं असतं. पुढे कागद दिसत असताना हात आवरणं लहान मुलाला खरोखर कठीण जातं. कितीतरी झिरमिळ्या तुटून खाली पडतात. त्या वेगळ्या चिकटवता येतात, त्यासाठी मुलाच्या हातून कात्री काढून घेऊ नये.

संक्रांतीच्या पतंगाला कोपऱ्यावर वळायचं असतं, आणि रथसप्तमीच्या सूर्याला तर सगळीच गोलाई. आमच्या वर्गातली एक मुलगी गोल कापताना कात्रीच वळवायची. हात मुडपत शेवटी कात्रीचं टोक तिच्याच पोटाकडे यायचं. तिच्या डाव्या हातात मी कागद दिला आणि म्हटलं, 'कात्रीला सरळच चालू दे, सूर्याला फिरव.' काही दिवसांनी तिचा डावा हात न सांगता फिरू लागला. एका हाताने काम करायचं आणि दुसऱ्याने सांभाळायचं, हेच पुढे बटण लावताना, डबा उघडताना आणि वही धरून लिहिताना लागतं.

डावखुऱ्या मुलांबद्दल मला विशेष सांगायचं आहे. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की वरचं पातं रेघ झाकतं आणि बोटांच्या दाबाने पाती एकमेकांपासून सरकतात. कागद कापला न जाता मुडपतो आणि मूल 'मला येत नाही' म्हणून गप्प बसतं. डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते. प्रत्येक बालवाडीने एखादी तरी ठेवावी.

यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या वस्तूच मुलांच्या हाती दिल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत टप्पा मानला आहे. या टप्प्यावर घरून तयार होऊन आलेल्या कंदिलाला बक्षीस देणं शाळांनी थांबवावं. कंदील वर्गात करा, वाकडे झाले तर वाकडेच टांगा.

आपल्यालाही एक विनंती. बालपानावर येणाऱ्या 'कापा आणि चिकटवा' आकृत्या आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी ठीक असतात, बालवाडीतल्या मुलांना त्यांच्या बारीक रेघा दिसतही नाहीत. दिवाळीपूर्वीच्या अंकात एक आकृती जाड काळ्या सरळ रेघांची छापावी आणि कापण्याआधी ती जुन्या पत्रिकेवर चिकटवायला सांगावं. आमच्या वर्गात ती नक्की वापरली जाईल.

— एक बालवाडी शिक्षिका, सातारा