धुळ्याचं आकाश मे महिन्यात निळं नसतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मधल्या दोन पानांवर धुळे शहराचं विहंगम छायाचित्र आलं. आपल्या गावाला एवढी जागा मिळाली याचा मला खरोखर आनंद झाला. पुरवणी घेऊन मी शेजारच्या आजींकडे गेलो. त्या नव्वदीच्या घरात आहेत, सगळा जन्म पांझरेच्या काठी गेला. चष्मा लावून त्यांनी चित्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, नदीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हाई आपलं धुयं नही शे, भाऊ."

आजींचं बरोबर होतं. चित्राखाली 'मे महिन्यातील धुळे' असं छापलं होतं आणि आकाश मात्र शाईसारखं निळं होतं. पांझरेत मे महिन्यात गोटे, वेड्या बाभळी आणि मधे हिरवट पाण्याची एक रेघ असते. अक्कलपाडा धरणातून पाणी सोडलं तरच ती वाहती दिसते. चित्रातली नदी समुद्राच्या रंगाची होती. प्रत्येक इमारतीच्या कडेला, गच्चीवरच्या प्रत्येक टाकीभोवती पांढरी प्रभावळ होती. हे कसं होतं ते मला ठाऊक आहे, कारण २०१६ साली माझ्या पहिल्या चित्रात मीही हेच केलं होतं. म्हणून हे पत्र.

मी निवृत्त भूकरमापक. फलक यंत्र आणि शंकूसाखळीपासून पुढच्या यंत्रांपर्यंत मोजणीत आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला आणि देवपुरातल्या घराच्या गच्चीवरून दरवर्षी डिसेंबरात एकदा आणि मे महिन्यात एकदा शहराचं संपूर्ण वर्तुळाकार चित्र घेत आलो. जागा तीच, कॅमेऱ्याची उंची तीच. गच्चीच्या लादीवर तिकाटण्याच्या तीन पायांच्या खुणा मी छिन्नीने कोरून ठेवल्या आहेत.

एचडीआर, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो एकत्र करणं, हा शब्द आता मोबाइलमुळे सगळ्यांच्या तोंडी आहे, पण त्यामागची अडचण जुनी आहे. संध्याकाळी पश्चिमेचं आकाश आणि गल्लीतली सावली यांच्या उजेडात इतकं अंतर असतं की एका फोटोत दोन्ही मावत नाहीत. आकाश धरलं तर गल्ली काळी होते, गल्ली धरली तर आकाश कोरं पडतं. चांगल्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण १४ स्टॉप पकडतो. प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो, म्हणजे सर्वांत अंधाऱ्या आणि सर्वांत उजळ जागेत सुमारे १६ हजार पटींचा फरक. सूर्य चौकटीत असला की तेवढंही पुरत नाही. फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकातच आकाशाची एक काच आणि समुद्राची दुसरी काच जोडून चित्रं छापली होती. आपण आज तेच करतो, फक्त काचेऐवजी फाइली जोडतो.

माझी पद्धत सांगतो. कॅमेरा उभा धरायचा, १८ मिलिमीटरची लेन्स, आणि दर ३० अंशांना एक अशा १२ दिशा. शेजारच्या दोन फोटोंत तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग दोन्हीकडे येतो, आणि जोडणीला तेवढा लागतोच. पश्चिमेला दोन-दोन स्टॉपच्या अंतराने पाच फोटो लागतात, म्हणून बाराही दिशांना पाचच घेतो. एकूण ६० रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्याने काहीही फेरफार न केलेल्या मूळ फाइली. पूर्वेकडे तीन पुरले असते, पण सगळीकडे मोजमाप सारखं ठेवलं नाही तर सांध्यावर आकाशाला पट्टे पडतात. लेन्सचं छिद्र, फोकस, रंगाचा समतोल यांपैकी काहीही कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडायचं नाही. सूर्य बुडाल्यापासून अंधार पडेपर्यंत आपल्याकडे जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. त्यातलीही मधली सात-आठ मिनिटंच खरी, तेव्हा आकाश आणि घरांतले दिवे एकमेकांच्या तोलाला येतात. मी पश्चिमेपासून सुरुवात करतो.

मोजणीच्या नोकरीचा उपयोग मला इथे झाला. फलक यंत्र लावताना आम्ही ओळंबा सोडून कागदावरचा बिंदू जमिनीवरच्या खुणेच्या बरोबर वर आणायचो. तो चुकला की सगळ्या रेषा चुकल्या. पॅनोरामात, म्हणजे अशा जोडलेल्या रुंद चित्रात, तसाच एक बिंदू असतो, पण तो कॅमेऱ्याखालच्या स्क्रूवर नसून लेन्सच्या आत असतो. कॅमेरा त्या बिंदूभोवती फिरला नाही तर जवळची वस्तू दूरच्या वस्तूवरून सरकते. माझ्या समोर दहा फुटांवर विजेचा खांब आहे आणि त्याच्या मागे, दूर दक्षिणेला, लळिंगचा किल्ला. पहिल्या वर्षी एका फोटोत खांब किल्ल्याच्या डावीकडे आणि पुढच्या फोटोत उजवीकडे आला, आणि जोडलेल्या चित्रात दोन खांब उभे राहिले. मग वेल्डिंगवाल्याकडून खाच असलेली लोखंडी पट्टी करून घेतली. कॅमेरा त्या खाचेत पुढेमागे सरकवत खांब आणि किल्ला जागचे हलेनासे होईपर्यंत एक अख्खी सकाळ घालवली. त्या जागेवर रेघ मारली आहे, ती आजपर्यंत बदललेली नाही.

जोडणीला हगिन हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. ते दोन फोटोंतल्या सारख्या खुणा स्वतः शोधतं. पण मे महिन्याच्या कोऱ्या आकाशात त्याला एकही खूण सापडत नाही, तिथे क्षितिजाजवळच्या टाक्या आणि टॉवर हाताने दाखवावे लागतात. इमारतींच्या उभ्या कडा ओळंब्यात आहेत हेही त्याला सांगावं लागतं, नाहीतर क्षितिज लाटेसारखं वर-खाली होतं. धुळ्याच्या पेठेतल्या गल्ल्या १८१९ च्या सुमारास इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज यांनी नवी पेठ वसवताना सरळ आखल्या. त्या संपूर्ण वर्तुळाच्या चित्रात धनुष्यासारख्या वाकतात. गल्ल्या सरळ दाखवायच्या तर तेवढ्या भागाचं, फार तर शंभर-सव्वाशे अंशांचं, वेगळं चित्र करावं लागतं. मी दोन्ही करून ठेवतो. आपल्या पुरवणीत आग्रा रोड वळणावर असल्यासारखा दिसला तो यामुळेच. त्यात फोटोग्राफरचा दोष नाही, मात्र खाली एक ओळ लिहायला हवी होती.

हलत्या गोष्टींचंही सांगायला हवं. पाच फोटो घेईपर्यंत रिक्षा पुढे जाते आणि तिची भुतं उमटतात. एकदा संक्रांतीला मुद्दाम फोटो घेतले, तर एकेक पतंग पाच-पाच ठिकाणी निघाला. अशा जागी पाचांतला एकच फोटो ठेवून बाकीचे झाकावे लागतात. हे काम डोळ्यात तेल घालून, एकेक गच्ची पाहत करायचं असतं. मला एका चित्राला चार-पाच संध्याकाळी लागतात.

खरी परीक्षा यानंतर असते. एवढा उजेड-अंधार कागदावर मावेल असा दाबायचा, याला टोन मॅपिंग म्हणतात. वर्तमानपत्राच्या कागदावर कोरा कागद आणि काळी शाई यांतला फरक दहा-पंधरा पटींच्या फार पुढे जात नाही, शिवाय शाई पसरते. म्हणजे दाबावं लागणारच. पण संगणकावर एक पट्टी असते, ती उजवीकडे नेली की प्रत्येक वीट, प्रत्येक पत्रा उठून दिसू लागतो आणि मोह होतो. तिथेच प्रभावळी उगवतात. सावलीत सावली उरत नाही, सगळं शहर एकाच उजेडात भाजल्यासारखं दिसतं. रंगाची पट्टी थोडी जास्त नेली की हिरवट डबकं निळं होतं. मी आता फोटो घेतानाच वहीत लिहून ठेवतो: 'आकाश पांढुरकं, खाली पितळी, नदी हिरवट, एकवीरा मंदिराच्या बाजूला अंधार.' संगणकावर बसलो की वही शेजारी उघडी असते. काम संपल्यावर एक रात्र जाऊ देतो आणि सकाळी गच्चीवर जाऊन पुन्हा ताडून पाहतो.

एवढा आग्रह कशासाठी, हे एका उदाहरणाने सांगतो. माझ्या २०१६ च्या डिसेंबरच्या चित्रात नदीपलीकडच्या गल्ल्या पिवळ्याधमक आहेत. तेव्हा खांबांवर सोडियमचे दिवे होते. पुढच्या वर्षांत एकेक गल्ली पांढरी होत गेली, एलईडी आले. मी रंगाचा समतोल दरवर्षी एकच, उन्हाचा, म्हणजे साधारण ५५०० केल्विन ठेवला म्हणून हा बदल दिसतो. कॅमेऱ्याला स्वतः रंग सुधारू दिला असता तर तो बराचसा पुसला गेला असता. २०१९ च्या चित्रात लळिंगचा डोंगर पूर्ण दिसतो. आता त्याचा डावा खांदा एका नव्या इमारतीमागे गेला आहे. शाळेमागचा मोठा कडुलिंब २०२१ पर्यंत आहे, २०२२ मध्ये नाही. कुठल्याही नकाशात हे सापडणार नाही. पण ज्या चित्रातलं आकाशच बनवलेलं आहे, त्यातल्या कडुलिंबावर कोण विश्वास ठेवील?

कल्पनेतली दृश्यं बनवण्याला माझा मुळीच विरोध नाही. आपल्याच खान्देशात चाळीसगावला केकी मूस यांनी घरात बसून, टेबलावर साध्या वस्तू मांडून अख्खी निसर्गदृश्यं उभी केली. त्या कलेचं नावच टेबलटॉप आहे, पाहणाऱ्याला आपण काय पाहतो आहोत हे माहीत असतं. वर्तमानपत्रात 'मे महिन्यातील धुळे' म्हणून छापलेल्या चित्राकडून माझी अपेक्षा वेगळी आहे.

आपणाकडे दोन मागण्या आहेत. पहिली, असं चित्र छापताना खाली तारीख, वेळ, जागा आणि 'अनेक छायाचित्रे जोडून' एवढं लिहावं. दुसरी मोठी आहे. खान्देशातल्या गावांचं असं चित्र दरवर्षी एकाच जागेवरून, एकाच हंगामात घेण्याचा उपक्रम आपल्या दैनिकाने हाती घ्यावा. जळगावला महापालिकेची सतरा मजली इमारत आहे, तिथून मेहरूण तलावाच्या दिशेला शहर कसं पसरतं आहे ते टिपता येईल. अमळनेरला बोरी नदीचा काठ आहे. आमच्यासाठी लळिंगचा किल्ला आहेच. जोडलेल्या चित्राबरोबर मूळ रॉ फाइलीही जपाव्यात, कारण उद्याचं सॉफ्टवेअर त्यातून आजच्यापेक्षा चांगलं काढू शकेल. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ याच गावात जुने कागद सांभाळत आलं आहे. या फाइलींची एक प्रत तिथे ठेवता येईल का, हे आपण विचारून पाहावं. माझ्या शब्दापेक्षा आपल्या शब्दाला वजन आहे.

माझी २०१६ पासूनची सगळी चित्रं, मूळ फाइली आणि वह्या मी विनामूल्य देईन. पूर्ण आकारात छापलं तर एक चित्र आठ फूट लांब आणि दीड फूट उंच होतं. डिसेंबरच्या फेरीला आपल्या छायाचित्रकाराला माझ्या गच्चीवर पाठवावं. सूर्यास्ताच्या तासभर आधी यावं, म्हणजे लोखंडी पट्टी लावायला वेळ मिळेल. पहिलं छापील चित्र मी त्या आजींना नेऊन दाखवणार आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त भूकरमापक
देवपूर, धुळे