सुधीरला पत्र : चेतकचं इंजिन खोलण्याआधी

कोल्हापूर,
रविवार

प्रिय सुधीर,

काकांची चेतक स्कूटर पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरवलंस हे वाचून फार आनंद झाला. १९८४ची गाडी, १४५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. ते नीट बांधलं तर अजून वर्षानुवर्षं चालेल. पण तुझा मेकॅनिक म्हणतो, "ब्लॉक-पिस्टन करू, नव्या रिंगा टाकू, खालचं इंजिन उघडायला नको." म्हणजे वरचा सिलिंडर (ब्लॉक) आणि पिस्टन एवढंच काम. हे मला अजिबात पटलेलं नाही. फोनवर घाईत बोलण्यापेक्षा सविस्तर लिहावं म्हटलं.

तू सांगितलेली लक्षणं बघ. रेस सोडली तरी इंजिन भणभणत राहतं, ऑइल प्रमाणात मिसळूनही धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल कमी होतं, पण खाली थेंब सांडत नाही. मग ते जातं कुठे? माझ्या मते इंजिनच ते ओढून जाळतंय.

टू-स्ट्रोकला खालचं चेंबर, म्हणजे पिस्टनला जोडलेला क्रँकचा दांडा फिरतो तो कप्पा, हेच फुप्फुस. पिस्टन वर जाताना तिथे पोकळी होते आणि कार्बोरेटरमधून मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबून वर ढकललं जातं. त्यामुळे तिथल्या जोडांतून हवा-ऑइल जाऊ नये म्हणून घातलेलं कागदी पॅकिंग दोन्ही बाजूंनी ताण सोसतं. क्लचकडचा ऑइल सील (क्रँकच्या दांड्याभोवतीची रबरी कडी) किंवा हे चेंबर आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं पॅकिंग गेलं, की गिअर ऑइल आत येतं आणि धूर होतो. मॅग्नेटकडचा, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणाऱ्या चाकाकडचा, सील किंवा बाहेरची कड गेली, की नुसती हवा आत शिरते. हवा वाढली की पेट्रोल कमी पडतं, आणि पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही. इंजिन तापतं आणि एखाद्या चढावर पिस्टन चिकटतो. म्हणजे आज टाकलेल्या नव्या रिंगा तिथेच संपल्या. एवढ्यासाठी सांगतो, खालचं खोलच. चेंबर उघडलं की दोन्ही सील, झालंच तर क्रँकचे बेअरिंगही बदलून घे. एकदा उघडलेल्या इंजिनात जुनं पॅकिंग परत बसवायचं नाही, ते कितीही चांगलं दिसो.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो फेस, म्हणजे जोडाचे सपाट पृष्ठभाग, साफ करण्यात, आणि तो जाऊ दे. जुना कागद अॅल्युमिनियमला असा धरून बसतो की लोक सरळ स्क्रूड्रायव्हर घालतात. तसं करू देऊ नकोस. थिनर लावून कागद भिजू दे, मग लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू काढ. चेंबरच्या आत कार्बोरेटरच्या वाटेवर एक गुळगुळीत पट्टा दिसेल. क्रँकचा कडेचा भाग त्याला जवळजवळ घासूनच फिरतो आणि मिश्रणाची वाट उघडतो, बंद करतो. या इंजिनाला वेगळा व्हॉल्व्ह नाही, हाच व्हॉल्व्ह. त्यावर ओरखडा उठला की नवीन पॅकिंगने तो भरून निघत नाही. म्हणून आधी तिथे स्वच्छ फडकं दाबून ठेव आणि मगच पट्टी चालव.

चेंबरचे दोन भाग जोडल्यावर ब्लॉक बसतो त्या तोंडाशी मधल्या पॅकिंगची कड थोडी वर आलेली दिसेल. ती नव्या ब्लेडने फेसच्या लेव्हलला कापायची आणि त्यानंतरच ब्लॉकखालचं पॅकिंग ठेवायचं. तीन जोड एकत्र येतात ती ही जागा. घाईत कापणं राहून जातं आणि हवा नेमकी तिथून शिरते. ब्लॉकखाली दोन पॅकिंग एकावर एक ठेवू नकोस. त्याने ब्लॉक वर उचलला जातो, पोर्टांचं (ब्लॉकमधल्या मिश्रणाच्या आणि धुराच्या वाटांचं) टायमिंग बदलतं आणि कॉम्प्रेशन पडतं.

आणि सिलिकॉन नको. पेट्रोलने ते फुगतं, आतली कड सुटते आणि तुकडे मिश्रणाच्या वाटेत जातात. फेस साफ असेल तर पॅकिंगला ग्रीसचा हात पुरतो. बोल्ट आलटून पालटून, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे.

तयार किटमधलं एखादं पॅकिंग जुळलं नाही तर अडून बसू नकोस, शीट घेऊन हाताने काढता येतं. इथे उद्यमनगरात एक वयस्कर कारागीर मी पाहिलेत. शीट फेसवर धरायची आणि हातोडीच्या गोल तोंडाने कडेकडेने टिचक्या मारत जायचं. कड स्वतःच कागद कापते. बोल्टच्या भोकावर बेअरिंगची गोळी ठेवून एक ठोका दिला की गोल चकती पडते. फक्त शीट जुन्या पॅकिंगच्याच जाडीची घे.

इंजिन फ्रेममध्ये चढवण्याआधी टेबलावर तपास. कार्बोरेटरची आणि सायलेन्सरची वाट रबर लावून घट्ट बंद कर आणि प्लगच्या जागी नळी जोडून ब्लडप्रेशरच्या पंपाने हवा भर. काटा ३००वर ने आणि बघत बस. झरझर उतरला तर जोडांवर साबणाचं पाणी लाव, बुडबुडा गळती दाखवेल. गिअर ऑइल भरायच्या भोकावरही साबणाचा पापुद्रा धर. तो फुगला तर समज, हवा आतल्या आत गिअरबॉक्समध्ये जातेय, म्हणजे परत खोलायचं. मेकॅनिक कुरकुर करेल, करू दे.

खोलायला कधी घेणार ते कळव, शनिवार असेल तर मी पुण्याला येतो. मॅग्नेट काढायचा पुलर माझ्याकडे आहे, तू विकत घेऊ नकोस. काकूंना आणि वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक